तारेची किंमत ओहममध्ये मोजा

शाळेच्या विज्ञानात ओहमचा नियम येतो. तारेचा रोध तिच्या लांबीच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे वाक्य बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. परीक्षेत त्यावर उदाहरण येते, ते सुटते, गुणही मिळतात. पुढे तोच विद्यार्थी नोकरीला लागतो, हौसेने घरी स्टिरिओ संच आणतो आणि स्पीकरसाठी तार घ्यायला दुकानात जातो. दुकानदार दोन वेटोळी पुढे ठेवतो. एक साध्या तारेचे, दुसरे तिच्या दहापट किमतीचे. दुसऱ्यावर ‘ऑक्सिजनमुक्त तांबे’, ‘चांदीचा मुलामा’, ‘शून्य विकृती’ असे शब्द छापलेले असतात आणि आवरणावर बाण काढलेले असतात. गिऱ्हाईक विचारतो, “यातली चांगली कोणती?” आणि दुकानदार सांगेल ते उत्तर घेऊन घरी येतो. नववीत सोडवलेले उदाहरण त्याला आठवत नाही.

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते एवढेच, की हा प्रश्न दुकानदाराचा नसून त्या उदाहरणाचा आहे. स्पीकरच्या तारेविषयी लोकांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, तार बदलली की गाणे बदलते, तानपुऱ्याची जवारी अधिक खुलते, तबल्याचा बाया भरदार वाजतो. दुसरा पक्ष हसून म्हणतो, तार ती तार, कोणतीही लावा. दोन्ही पक्ष आपापल्या मतावर ठाम आहेत आणि दोघांनीही बहुधा भागाकार केलेला नसतो. आपण तो करून पाहू.

तार मंडलात काय करते?

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत विद्युतधारा एका तारेने जाते आणि दुसऱ्या तारेने परत येते. म्हणजे स्पीकर १० मीटर दूर असेल तर धारेला २० मीटर तांब्यातून जावे लागते. ही २० मीटर तार आणि स्पीकर एकसरीत जोडलेले असतात. ॲम्प्लिफायरने दिलेले विभवांतर या दोघांत त्यांच्या रोधांच्या प्रमाणात वाटले जाते. स्पीकरच्या वाट्याला येते त्यातून ध्वनी निघतो आणि तारेच्या वाट्याला येते त्याची नुसती उष्णता होते.

तारेचा वाटा किती, ते पाहू. एक मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ०.०१७२ ओहम असतो. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. या आकड्याला लांबीने गुणावे आणि छेदाने भागावे, की कोणत्याही तांब्याच्या तारेचा रोध मिळतो.

स्पीकर १० मीटर दूर आहे असे समजू. तार २.५ चौ. मिमी छेदाची असेल तर जाऊन-येऊन रोध ०.१४ ओहम होतो. १ चौ. मिमीची असेल तर ०.३४ ओहम, अर्ध्या चौ. मिमीची असेल तर ०.६९ ओहम आणि दारावरच्या घंटीला वापरतात तशी ०.२ चौ. मिमीची बारीक तार असेल तर १.७२ ओहम. स्पीकरवर ‘८ ओहम’ असे लिहिलेले असते. ८ च्या शेजारी ०.१४ नगण्य आहे, पण १.७२ नगण्य नाही. बारीक तार लावली तर विभवांतराचा १८ टक्के भाग तारेतच राहतो. शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे स्पीकरला मिळणारी शक्ती सुमारे ६८ टक्क्यांवर येते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ती निम्म्यावर येते.

तेव्हा ‘तार ती तार’ म्हणणाऱ्यांचा पहिला पराभव येथेच झाला. तारेला महत्त्व आहे. मात्र ते कशात आहे हेही त्याच हिशोबाने दाखवून दिले. सूत्रात लांबी, छेद आणि धातूची रोधकता अशा तीनच राशी आहेत. किंमत ही राशी त्यात कोठेही नाही.

आवाज कमी होणे आणि आवाज बदलणे

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “सर, शक्ती कमी झाली तर बिघडले कोठे? आवाजाचे बटण थोडे फिरवले की झाले.” प्रश्न अगदी रास्त आहे. तारेमुळे सर्व स्वर सारख्याच प्रमाणात मंद होत असते, तर बटण फिरवून भरपाई झाली असती. अडचण अशी, की स्पीकर म्हणजे साधा रोध नव्हे. त्यात चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे असते, त्याला जोडलेला कागदी शंकू असतो, वेगवेगळ्या स्वरांसाठी वेगवेगळे स्पीकर असतील तर त्यांची वाटणी करणारे मंडलही असते. म्हणून प्रत्यावर्ती धारेला स्पीकरकडून होणारा एकूण विरोध, ज्याला संरोध म्हणतात, तो प्रत्येक वारंवारतेला वेगळा असतो. ‘८ ओहम’ हा केवळ नावाचा आकडा आहे. अशा स्पीकरचा संरोध काही स्वरांना ६ ओहम आणि काही स्वरांना ३० ओहमही असू शकतो.

आता १.७२ ओहमची बारीक तार पुन्हा घ्या. संरोध ६ ओहम असलेल्या स्वरांना स्पीकरच्या वाट्याला ७८ टक्के विभवांतर येते, तर ३० ओहम असलेल्या स्वरांना ९५ टक्के. म्हणजे काही स्वर जास्त दबले आणि काही कमी. डेसिबलच्या भाषेत हा फरक सुमारे १.७ डेसिबल होतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी लॉगॅरिथम वापरून हे पडताळून पाहावे. नेहमीच्या ऐकण्यात सुमारे एक डेसिबलचा फरक माणसाच्या कानाला जाणवू लागतो. शांत खोलीत, लक्ष देऊन, एकामागून एक ऐकले तर त्याहून थोडा लहान फरकही कळतो. तेव्हा बारीक तारेने गाण्याचा तोल खरोखरच बदलतो आणि तो कानाला कळू शकतो. बटण फिरवून तो दुरुस्त होत नाही.

हाच हिशोब २.५ चौ. मिमीच्या तारेसाठी केला तर फरक ०.१६ डेसिबल येतो. गाणे ऐकताना तो कोणाच्याही लक्षात येणार नाही. यापुढे तार आणखी दुप्पट जाड केली तर हा ०.१६ चा ०.०८ होईल. गणितात सुधारणा झाली, पण कानापर्यंत काही पोहोचले नाही.

अभियंत्यांचा एक सोपा ठोकताळा आहे. जाऊन-येऊन तारेचा रोध स्पीकरच्या संरोधाच्या ५ टक्क्यांच्या आत असावा. ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम. त्याप्रमाणे अर्ध्या चौ. मिमीची तार साडेपाच मीटरपर्यंत, १ चौ. मिमीची साडेअकरा मीटरपर्यंत आणि २.५ चौ. मिमीची २९ मीटरपर्यंत चालते. ४ ओहमच्या स्पीकरला ही अंतरे निम्मी करावीत. आपल्या बैठकीच्या खोल्या किती लांब असतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

जुने इलेक्ट्रिशियन अजूनही ‘तेवीस शहात्तर’ किंवा ‘चाळीस शहात्तर’ अशी तार मागतात. त्यातही भूमितीच आहे. चाळीस शहात्तर म्हणजे ०.००७६ इंच व्यासाच्या ४० बारीक तारांचा पीळ. एका बारीक तारेचा व्यास ०.१९३ मिमी, तिचा छेद ०.०२९३ चौ. मिमी, त्याची ४० पट १.१७ चौ. मिमी. विजेच्या कोणत्याही दुकानात मिळणारी ही साधी तार १३ मीटरपर्यंत आपल्या ठोकताळ्यात बसते.

लांबीविषयीचे काही समज

डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारा अगदी सारख्या लांबीच्या असाव्यात, नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा पोहोचतो, असे सांगितले जाते. तपासून पाहू. डावी तार ३ मीटर आणि उजवी १० मीटर आहे असे धरा. तारेतून विद्युत संदेश सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर वेगाने जातो. ७ मीटर जास्त जायला त्याला सेकंदाच्या १ अब्जाव्या भागाच्या ३५ पट वेळ लागतो. एवढ्या वेळात हवेतला ध्वनी किती पुढे सरकतो? सुमारे ०.०१२ मिलिमीटर. डोक्याचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. ऐकणाऱ्याने श्वास घेतला तरी त्याचे कान स्पीकरपासून यापेक्षा जास्त मागेपुढे होतात. दोन्ही तारा पुरेशा जाड असल्या, की लांबीतला फरक विसरून जावा. बारीक असल्या तर दोन्ही बाजूंच्या रोधांत मात्र फरक पडेल. म्हणजे गोष्ट पुन्हा रोधावरच आली.

दुसरा समज असा, की उच्च स्वरांची धारा तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते, म्हणून खास रचनेची तार हवी. पृष्ठभागावरून वाहण्याची ही क्रिया खरी आहे आणि रेडिओच्या वारंवारतांना ती फार महत्त्वाची ठरते. २०,००० हर्ट्झ या ऐकू येणाऱ्या सर्वांत उच्च वारंवारतेला धारा तांब्यात मुख्यतः सुमारे अर्धा मिलिमीटर खोलीपर्यंत वाहते. २.५ चौ. मिमीच्या तारेची त्रिज्या ०.९ मिमीपेक्षाही किंचित कमी असते. त्यामुळे रोध २० टक्क्यांनी वाढला असे धरू. ०.१४ चा ०.१७ ओहम झाला. ८ ओहमपुढे ०.०३ ओहमची ही भर कोणत्या कानाला कळणार?

रोधाव्यतिरिक्त तारेला प्रवर्तकताही असते. साध्या जोडतारेची ती मीटरला सुमारे ०.६ मायक्रोहेन्री धरू. १० मीटरला ६ मायक्रोहेन्री झाली. २०,००० हर्ट्झला तिचा विरोध ०.७५ ओहम भरतो. आकडा मोठा वाटतो. पण हा विरोध रोधात सरळ मिळवायचा नसतो, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे मिळवायचा असतो. ८ चा वर्ग ६४, ०.७५ चा वर्ग ०.५६, त्यांच्या बेरजेचे वर्गमूळ ८.०३५. पायथागोरसने काम हलके केले. दोन्ही तारा एकमेकींना चिकटून नेल्या म्हणजे प्रवर्तकता कमी राहते, एवढा व्यवहार यातून घ्यावा.

आवरणावरच्या बाणांविषयी जास्त लिहायला नको. १,००० हर्ट्झच्या स्वराला तारेतली धारा सेकंदाला २,००० वेळा दिशा बदलते. बाण कोणत्याही दिशेला असला तरी ती निम्मा वेळ त्याच्या उलटच वाहणार.

तांब्याचा दर्जा

लांबी आणि छेद झाले. आता धातूची रोधकता. एके काळी हा प्रश्न खरोखरच जिवाभावाचा होता आणि त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. १८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची पहिली केबल टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश तीतून जायला सुमारे १६ तास लागले आणि जेमतेम तीन आठवड्यांत ती केबल बंद पडली. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम टॉमसन यांनी त्याआधीच, १८५७ मध्ये, बाजारात मिळणाऱ्या निरनिराळ्या तांब्यांची वाहकता मोजून पाहिली होती. दिसायला सारख्या असणाऱ्या तांब्यांच्या वाहकतेत त्यांना लक्षणीय फरक आढळला. त्याचे कारण तांब्यातली अशुद्धता. १८६६ मध्ये यशस्वी झालेल्या केबलसाठी तांबे पारखून घेतले गेले आणि त्याचे वजनही वाढवले गेले. जुन्या केबलमध्ये दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबे होते, नव्या केबलमध्ये ३०० पौंड. शुद्ध तांबे आणि जाड तार, हाच उपाय होता.

आज विद्युत विश्लेषणाने शुद्ध केलेले तांबे सर्रास मिळते. विजेच्या साध्या तारेतही तेच असते. त्यात शेकडा ०.०२ ते ०.०४ इतका ऑक्सिजन असतो. तो काढून टाकला तर वाहकता फार तर एक टक्क्याच्या आसपास सुधारते. एक टक्का म्हणजे किती? १० मीटर तार १० सेंटिमीटरने आखूड केली तर तेवढाच फायदा होतो, आणि त्यासाठी फक्त पक्कड लागते. चांदी तांब्यापेक्षा सुमारे ६ टक्के चांगली वाहक आहे. तेवढा फायदा मिळवायला १० मीटरमधून ६० सेंटिमीटर कापावे लागतील. आणि सोने? ते तांब्यापेक्षा वाईट वाहक आहे. त्याची रोधकता तांब्याच्या सुमारे दीडपट असते. टोकांना सोन्याचा मुलामा देतात तो सोने गंजत नाही म्हणून, तेवढ्यापुरता तो ठीक आहे.

मग दर्जाचा प्रश्न निकालात निघाला काय? नाही. खरा धोका स्वस्त तारेच्या बाजूला आहे. तांब्याचा पातळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बाजारात विकली जाते. बाहेरून ती तांब्यासारखीच दिसते. पण शुद्ध ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, त्यामुळे या तारेचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या जवळजवळ दीडपट भरतो. ती ओळखायची कशी? एक बारीक तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी निघाली तर समजावे. किंवा वजन करावे. तांब्याची घनता पाण्याच्या जवळजवळ ९ पट आणि ॲल्युमिनियमची २.७ पट असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आर्किमिडीजने मुकुटाचे जे केले, ते आपण तारेचे करावे. अशी तारही दीडपट जाड घेतली तर घरात चालते. मात्र ॲल्युमिनियम देऊन तांब्याचे पैसे घेणे ही फसवणूक आहे आणि ती ओळखण्यासाठी सोनेरी कान लागत नाहीत.

तारेचे खरे दोष आणखी दोन आहेत. पहिला सैल जोड. सोललेली टोके उघडी राहिली, की कोकणासारख्या दमट हवेत ती काळीहिरवी पडतात आणि जोडाचा रोध वाढतो. वर्षातून एकदा टोके कापून नव्याने सोलली, की काम भागते. सोलताना एखादी बारीक तार सुटून शेजारच्या टोकाला लागली तर ॲम्प्लिफायरच जळू शकतो, म्हणून पीळ घट्ट घालावा. दुसरा दोष उलटी जोडणी. एका स्पीकरच्या अधिक-ऋण तारा उलट लागल्या तर एकाचा शंकू पुढे जात असताना दुसऱ्याचा मागे येतो, खर्जाचे स्वर एकमेकांना मारतात आणि गाणे पोकळ वाटते. या दोषापुढे तांब्यातला ऑक्सिजन अगदी गरीब आहे, आणि दुरुस्तीचा खर्च शून्य!

शाळेच्या मैदानावर

लांब तारेचा खरा प्रश्न घराबाहेर येतो. १५ ऑगस्टला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, १०० मीटरवर, ८ ओहमचा कर्णा लावायचा आहे. तार पाऊण चौ. मिमीची आहे. २०० मीटर तांब्याचा रोध ४.६ ओहम झाला. तारेला रोध नसता तर मिळाली असती त्या मानाने कर्ण्याला ४० टक्केच शक्ती मिळते. येथे कितीही शुद्ध तांबे आणले तरी भागत नाही. म्हणून सार्वजनिक ध्वनियंत्रणेत १०० व्होल्टची पद्धत वापरतात. ॲम्प्लिफायरकडे विभवांतर वाढवायचे, कर्ण्याजवळ लहान ट्रान्सफॉर्मर लावून ते उतरवायचे. २० वॉटचा कर्णा तारेला आता ५०० ओहमचा दिसतो आणि तीच ४.६ ओहमची तार एक टक्काही खात नाही. कोयनेची वीज दूरवर नेताना विभवांतर वाढवून का नेतात, याचे उत्तर शाळेच्या मैदानावरच सापडते.

ऐकणारा खोटे बोलत नाही, तरीही

“तुमचे आकडे राहू द्या, मला फरक ऐकू येतो,” असे म्हणणारे भेटतात. त्यांची चेष्टा करणे मला मान्य नाही. त्यांना काहीतरी ऐकू आलेले असते, यात शंका नाही. पण ते तारेमुळे आले की नवी, देखणी, महाग वस्तू बसवल्याच्या आनंदामुळे आले, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. शिवाय तार बदलताना जुने गंजलेले जोड साफ झालेले असतात, किंवा आवाज किंचित मोठा झालेला असतो. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी अधिक चांगला वाटतो. औषधाच्या परीक्षेत रोग्याला आणि वैद्यालाही खरी गोळी कोणती हे कळू देत नाहीत, ते याच कारणासाठी.

१९७० च्या दशकापर्यंत स्पीकरला दिव्याची साधी तार लावणे सर्रास चाले. १९७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात नोएल ली यांनी खास स्पीकरसाठी जाड केबल विकायला सुरुवात केली आणि तिचा मोठा उद्योग झाला. बारीक तारेच्या जागी जाड तार आली हे चांगलेच झाले. पुढे मात्र जाडीपेक्षा शब्द वाढत गेले. १९८३ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. २४ गेजची बारीक तार, १६ गेजची साधी तार आणि महाग केबल या तिन्ही श्रोत्यांना न दाखवता ऐकवण्यात आल्या. बारीक तार काही चाचण्यांत ओळखू आली. पण आवाजाची पातळी सारखी केल्यावर, संगीत ऐकताना, १६ गेजची साधी तार आणि महाग केबल यांतला फरक श्रोत्यांना खात्रीने सांगता आला नाही. आपल्या भागाकाराने हेच सांगितले होते.

अशी चाचणी शाळेतही करता येते. पडद्यामागे एका विद्यार्थ्याने नाणे उडवावे, छाप पडला तर तार ‘अ’ आणि काटा पडला तर तार ‘ब’ जोडावी. बदलताना ॲम्प्लिफायर बंद ठेवावा. ऐकणाऱ्याने दहा वेळा ओळखावे. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का आहे. आठ किंवा अधिक येण्याची शक्यता साडेपाच टक्के आहे. म्हणून सावध राहावे. वर्गात वीस जणांनी चाचणी दिली तर एखादा नुसत्या योगायोगानेही आठ बरोबर सांगेल. त्याला लगेच सोनेरी कानाचा किताब न देता पुन्हा दहा वेळा बसवावे. संभाव्यतेचा धडा यापेक्षा चांगला कोठे मिळणार?

शिक्षकांना एक विनंती

पैसे ज्याचे त्याने कसे खर्चावेत हा त्याचा प्रश्न आहे. मला काळजी वाटते ती निराळीच. ‘ऑक्सिजनमुक्त’, ‘पृष्ठभागावरची धारा’, ‘प्रवर्तकता’ हे शब्द आमचे, भौतिकीचे आहेत. त्यांतील प्रत्येक क्रिया खरी आहे. फक्त तिचा आकडा सांगितला जात नाही. खरा शब्द आणि दडवलेला आकडा यांच्या जोडीने माणूस फसतो, आणि शिकलेला माणूस अधिक सहज फसतो, कारण शब्द त्याच्या ओळखीचे असतात. आज तारेच्या बाबतीत चालते तेच उद्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या, खताच्या, औषधाच्या बाबतीत चालेल. तेथे कानाऐवजी प्रकृती आणि शेत पणाला लागलेले असेल.

याला आपली शिकवण्याची पद्धतही थोडी जबाबदार आहे. ‘एका तारेची लांबी ल आणि छेद क्ष आहे’ अशा बिननावाच्या तारा आपण फळ्यावर काढतो. त्याऐवजी विजेच्या दुकानातली तार वर्गात आणावी. विद्यार्थ्यांना तिचे बारीक पदर मोजू द्यावेत, स्क्रू गेजने एका पदराचा व्यास काढू द्यावा, छेद काढून रोधाचा हिशोब करू द्यावा. मग १०० मीटरच्या वेटोळ्याचा रोध मल्टिमीटरने मोजावा. पाऊण चौ. मिमीच्या तांब्याला एका पदरी तो २.३ ओहमच्या जवळपास आला पाहिजे. फार जास्त आला तर दुकानदाराने तांबे म्हणून दुसरेच काही दिले आहे. त्या दिवशी वर्गाला ओहमचा नियम खऱ्या अर्थाने समजेल. एक दीड व्होल्टचा घट क्षणभर मोठ्या स्पीकरला लावून शंकू पुढे येतो की मागे जातो हेही दाखवावे. उलटी जोडणी ओळखण्याची ती सर्वांत सोपी रीत आहे.

विद्यार्थी मित्रहो, यापुढे घरात तारेची खरेदी निघाली तर तुम्ही बरोबर जा. ‘चांगली कोणती?’ असे विचारू नका. छेद किती चौरस मिलिमीटर, आणि तांबे पूर्ण आहे की मुलामा, हे दोनच प्रश्न विचारा. लांबी घरून मोजून न्या. उत्तरे मिळाली, की कागदाच्या मागच्या बाजूला एक गुणाकार आणि एक भागाकार करा. उत्तर ०.४ ओहमच्या आत आले तर ती तार तुमच्या ८ ओहमच्या स्पीकरला पुरेशी चांगली आहे. वाचलेल्या पैशांत गाण्याच्या चार तबकड्या अधिक येतील. संगीत त्यांत असते, तारेत नसते.